शाळेतलं शेवटचं सरपण

—भर की, भर गाडी, मी कुठे अडवतेय? हुकूम काही तुझा नाही, वरून आलाय, कळतं मला. शाळा बंद झाली, मग सरपण इथं कशाला—खालच्या गावात मोठ्या शाळेतली पोरं कुडकुडतायत, बरोबरच आहे. पण दिम्चो, आधी कॉफी तरी घे. शेगडीवरच केलीय. काय म्हणालास? पोरं नाहीत तर शेगडी पेटवली कुणी? मीच. रोज सकाळी पेटवते. जन्मभर या शाळेच्या शेगड्या पेटवल्या, आता शाळेला कुलूप लागलं म्हणून हात ऐकतात होय? आणि दोन-चार लाकडंच जाळते, जास्त नाही—बरं, जास्त जाळते. घरी बसून तरी काय करू? तिथं भिंतींशी बोलायचं ते इथं बाकांशी बोलते, बाकं निदान माझ्याकडे तोंड करून बसतात.

तेवढं मात्र उचलू नकोस. ते कोपऱ्यातलं. ओलं आहे, नुसता धूर होईल—आता वाजवून कशाला बघतोस? हो, वाळलंय, खणखणीत वाळलंय. काय कोरलंय ते वाच की, शिकलायस ना. वेलीन. माझा वेलीन. तूही नेलं असशील पहिलीत असताना, घरचं एक लाकूड, बापानं सुरीनं नाव कोरलेलं? पहिल्या थंडीला सगळी पोरं आपापलं लाकूड शेगडीत घालायची, आणि नेमका त्याच दिवशी ह्याला गोवर. तापात रडत होता—आई, माझं लाकूड दुसऱ्या कुणाला घालू देऊ नकोस. नाही दिलं. मोठा झाला तरी हसायचा, मी येऊन घालीन म्हणायचा. आता स्पेनमध्ये असतो. सून तिकडचीच. तिथं म्हणे आपल्या रोदोपीच्या डोंगरासारखी थंडीच नसते, शेगडी लागतच नाही. नाताळला येणार होता. त्याच्या आधीच्या नाताळलाही येणारच होता.

असा बघू नकोस माझ्याकडे. येईल तो. अन् आला, तर शेगडी पेटलेली नको? विझलेल्या शेगडीत काय घालणार आहे? म्हणून जाळते, झालं, कळलं आता तुला. भरलंस सगळं? मग नीघ, घाटात बर्फ पडायला लागेल. नको—मागे एकही ठेवू नकोस, मला कुणाची दया नको. हे वेलीनचं एवढं दे इकडे, मांडीवर. आणि जाताना दार ओढून घे, ऊब बाहेर जाते.