कुकाऱ्याला ओ

वाड्यावरच्या मंडळींनो, आन डोंगर चढून आलेल्या खालच्या गावकऱ्यांनो, एवढ्या धुक्यात आलात, लई बरं वाटलं. मला चार माणसांत बोलायची सवय न्हाई. मी कोंडीबांची थोरली लेक, सुमन. खाली भरे गावाला दिलेली. खरं तर आयनं बोलायचं. पर आबा गेल्यापास्नं तिच्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई.

आबांनी उभा जन्म या पठारावर म्हसरं राखली. हितलं धुकं तुमाला ठावं हाय. हातातल्या काठीचं टोक दिसत न्हाई. कडा कुटं संपला कळत न्हाई. म्हणून तर आपल्यात कुकारा हाय. एकानं लांब हाळी घालायची, ज्याला ऐकू यील त्यानं ओ द्यायची. ल्हानपणी मी आबांना इचारलं, कोण हाय त्येच ठावं नसलं तर? आबा म्हणालं, "कोण का असंना. आधी ओ द्यायची, मग इचारायचं."

आता पावसाळ्यात पुण्याकडनं गाड्या येत्यात. पोरं कड्यावर उभी ऱ्हाऊन नुसतीच वरडत्यात. डोंगरानं आवाज परत दिला की हसत्यात. सुरवातीला आपण ओ द्यायचो. आठवतंय का? आपल्याला बी ती हसायची. मग आपण ओ द्यायचं सोडलं. रोज कोण हसं करून घील?

त्या दुपारी आबांचा पाय घसरला. कड्याखाली कपारीत अडकलं. तितनं कुकारा घातला. एकदा न्हाई, लई येळा. वाड्यावर समद्यांनी ऐकला. आयनं बी ऐकला. भाकरी थापता थापता म्हणाली, "आली वाटतं वरडणारी." आन भाकर तव्यावर टाकली.

सांजंला म्हसरं एकटीच आली. तवा वाड्यावरची समदी कड्याकडं पळाली. तवर कुकारा थांबला व्हता.

आयला कुणी बोल लावू नका. धुक्यात समद्यांचा आवाज सारखाच येतो. पर मला राग हाय. गाडीवाल्यांचा हाय, तुमचा बी हाय. आपलं माणूस बोलवत व्हतं, आन आपण आपापली कामं करत व्हतो. ह्ये मी कुटं ठिवू, सांगा.

मघाशी सरपंच म्हणालं, आता दोन मिनिटं गप उभं ऱ्हाऊ. न्हाई सरपंच. गप आपण त्या दिवशी ऱ्हायलो.

समदी उठा. कड्याकडं त्वांड करा. आये, तू बी ऊठ, माझा हात धर. मी आबांवाणी कुकारा घालते. तुमी ओ द्या.

आये, पयली तू.