मालनची हाडं

…अन् वरून मलेच इचारतात, "गुरुजी, तुमी इतले वाळून काऊन गेले?" वाळीन नाई तं काय करीन! दोन महिने झाले, तुमाले सांगतो, दोन महिने मी जमिनीखालच्या भुयारात फिरून राह्यलो, अंधार गुडुप्प, मशाल इझत आलेली, पोटात भूक, मांगून कोण फुरफुरते ते दिसत नाई… अन् गावात बोभाटा काय, तं गुरुजी कॉम्प्युटरवर खेळतात! खेळ म्हणतात याले!

खेळ म्हणजे काय असते? कबड्डी खेळ हाय. पत्ते खेळ हाय. हारले, घरी गेले, जेवले, झोपले. इथं हारलं तं झोप लागत नाई, अन् जितलं तं खाली आणखी एक मजला निंगते!

बरं, तो कॉम्प्युटरचा डबा आमच्या गावात, बेल्यात, म्या हौसेनं नाई आणला. माझा साडू अनंतराव, माझ्या बायकोच्या, मालनच्या, धाकट्या बहिणीचा नवरा, आदिलाबादले इंजिनियर. त्याले दोन महिन्याच्या ट्रेनिंगले हैदराबादले धाडलं, अन् त्याचं क्वार्टर गळते. म्हणून आला जीप घेऊन. "साडूभाऊ, कॉम्प्युटर तुमच्याकडं ठेवतो. फक्त धूळ बसू देऊ नका." आता चौऱ्याण्णव साली बेल्यात कॉम्प्युटर! मालननं आधी त्याले हळदकुंकू लावलं. म्या तीन दिवस धूळ पुसली. चौथ्या दिवशी खोक्याच्या तळाशी एक फ्लॉपी सापडली, अन् माझं वाटोळं झालं.

त्या फ्लॉपीत काय, तं चार माणसं घ्यायची अन् भुयारात उतरायचं. नावं आपणच द्यायची. मी गणिताचा मास्तर, बावन्न वर्षांचा, मले शूरवीरांची नावं कुठून सुचतील? म्या घरचीच देली. एक मी. एक अनंतराव, कॉम्प्युटर त्याचा, मान ठेवला पायजे. एक शेजारचा चंपतराव, कारण तो रोज खुर्ची घेऊन मांगं बसे. अन् चौथी मालन. ते चौथं माणूस मंतर टाकणारं होतं, हातातून आग फेके. म्या मालनले सांगितलं. ती भाकर थापत व्हती, थांबली. "मी आग फेकते?"

"हो. हातानं."

"बरं करते," म्हणे, अन् लागली पुन्हा थापाले. पण मंग रोज शाळेतून आलो की इचारे, "आज मी काय केलं?"

अन् खेळ असा मेला चेंगट, तुमाले सांगतो! आपण वरून पाह्याचं अन् खाली बाहुल्या पळतात तसं नाई, तुमी सोता आत! डोळ्यापुढं दगडी भिंत. खाली पडलेला धोंडा हातानं उचला, फरशीवर ठेवा, तं लांब कुठंतरी दार उघडते, खडाड्! पण कोणतं दार? नकाशा देत नाई. नववीच्या पोरांच्या आलेखाच्या वह्या म्या नकाशे काढू काढू संपवल्या. भिंत दिसली की ठोकून पाह्याचं, कारण काई भिंती खोट्या. अशी सवय लागली, की एक दिवस हेडमास्तरच्या खोलीची भिंत ठोकत उभा व्हतो. हेडमास्तर म्हणे, "काय पाहून राह्यले, गुरुजी?" काय सांगू? म्हटलं, "ओल हाय का, ते पाहून राह्यलो."

सोडून द्यायचं ना, म्हणता? अहो, तीस वर्षं म्या पोरांले सांगितलं, डोकं लावा, सुटते. अन् माझ्यापुढं एक खड्डा आला, पल्याड ती दाबायची फरशी, अल्याड मी. चार दिवस सुटलं नाई! पाचव्या दिवशी नववीत प्रमेय शिकवता शिकवता एकदम डोस्क्यात आलं अन् म्या ओरडलो, "फेकायचा! धोंडा पल्याड फेकायचा!" पोरं बाकाखाली गेली. घरी आलो, फेकला, दार उघडलं… तुमाले खोटं वाटन, पण तितला आनंद मले बीएडचा निकाल लागला तवा नव्हता झाला. तिथंच फसलो मी. खेळ म्हणतात याले!

अन् मंग तो रविवार. दुपारची वेळ, करंट होता. सहावा मजला. तिथं काय व्हते, सरळ चाललं की पुन्हा जिथून निंगालो तिथंच येते. नकाशा पाहा, बरोबर. चाला, तीच भिंत. तासभर! मांगून चंपतराव म्हणे, "गुरुजी, हा चकवा हाय."

म्हटलं, कॉम्प्युटरात चकवा?

"भुयार हाय ना? मंग! माझ्या बापाले वावरात लागला व्हता. चकवा लागला की चालायचं नाई. जागेवर बसून राह्याचं. त्याचा जोर सरला की वाट आपोआप दिसते. चाला, चहा पिऊ."

अन् म्या, बीएससी बीएड झालेला माणूस, उठलो ना! चौघांले तिथं बसवलं अन् चहा प्यालो. आता ह्या खेळाची खोड अशी, की तुमी उठले तरी आतला वेळ थांबत नाई. बाकीचे खेळ सभ्य असतात, तुमची वाट पाहतात. हा नाई पाहत! मी इकडं बशीत चहा ओतून फुंकून राह्यलो, अन् तिकडं अंधारातून ते मांगून फुरफुरणारं जनावर आलं. पळत आलो तवर मालन गेल्ती. जागेवर नुसती हाडं.

चंपतराव म्हणे, "अरेरे… वयिनी लय चांगल्या व्हत्या." अन् वयिनी सयपाकघरात कपबश्या इसळत व्हत्या!

आता मले सांगा, हाडं राह्यली तं माणूस काय करीन? तशीच पायाखाली टाकून पुढं जाईन? आपल्या घरात कोणी गेलं तं आपण काय करतो? म्या हाडं उचलली, पिशवीत घेतली. त्याच मजल्यावर एक डोह व्हता. पैनगंगेवर नेतो तशी नेली, पाण्यात सोडली, अन् पडद्यापुढं हात जोडले. चंपतरावनं टोपी काढली. जेवण गेलं नाई मले. मालन म्हणे, "तोंड काऊन उतरलं? कोण गेलं?"

म्हटलं, "तू."

मंग म्हणे, "अन् मंग?"

"हाडं पाण्यात सोडली. रीतसर."

"बरं केलं. वाऱ्यावर नाई टाकली," म्हणे, अन् मले आणखी कढी वाढली. इथंच संपलं असतं ना, तं आज मी सुखी माणूस असतो!

पण आठ दिवसांनी अनंतराव आला ट्रेनिंगहून, कॉम्प्युटर न्यायले. जेवताना गोष्ट निंगाली अन् त्याच्या हातातला घास हातातच! "अय्यो, साडूभाऊ! हाडं पाण्यात? अहो, प्रत्येक दोन-तीन मजल्यांवर एक चौथरा आहे. त्यावर हाडं ठेवली की माणूस जिवंत होतो! पाण्यात गेलेली वस्तू मात्र परत येत नाही. खेळासोबतच्या पुस्तकात सगळं लिहिलंय."

"तुमचं पुस्तक हैदराबादले अन् माझी बायको बेल्यात!" म्या ओरडलो. "मले काय सपन पडते?"

अन् मालन… मालन वाढता वाढता थांबली. मोठ्यानं नाई बोलली. बोलली असती तं बरं झालं असतं. "लग्नाले सव्वीस वर्षं झाली," म्हणे. "जिवंत करायची सोय व्हती, अन् तुमी शोधली बी नाई? इतली घाई काय व्हती? दोन दिस पिशवीत जड झाली असती का मी?"

"अवं, माहीत नव्हतं…"

"मले टायफाईड झाला तवा बी असंच करणार व्हते?"

घ्या! त्या टायफाईडात मी नऊ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलो व्हतो. नऊ दिवस! म्हटलं, "मालन, तवा मी हललो तरी का तिथून?" म्हणे, "तेच तं. तवा हलले नाई. मंग आता चहा प्यायले काऊन उठले?" माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो, अन् अनंतराव ताटात पाहून राह्यला.

मंग ती हात धुवून आली अन् म्हणे, "कॉम्प्युटर आणखी पंधरा दिस इथंच राहू द्या, अनंतराव. तुमी उठा हो. मी खेळते."

पुन्हा पहिला मजला! पहिली मशाल, पहिली भिंत! अन् तुमाले सांगतो, ती इचारच करत नाई. काई दिसलं की आग. दार नाई उघडलं की आग. भुयारातली भाकर मोजून देते, चौघांले सारखी. मले म्हणे, "तुमी पुढं चाला. तुमाले लय समजते ना!" मी बाजूले बसून आलेखाच्या वहीत नकाशा काढतो, म्हणतो, "डावीकडं… अवं डावीकडं!" ती उजवीकडं वळते, अन् तिकडंच दार निंगते! तिसऱ्या मजल्यावर मी मेलो. पुढंच व्हतो ना. अंगावर दगड आला.

तिनं हाडं उचलली. नीट. पिशवीत ठेवली. पुढं दोन वळणं घेतली, तं समोर चौथरा! म्हटलं, "मालन, हा पाहा चौथरा!"

"दिसला."

"मंग ठेव ना मले त्यावर."

"ठेवते ना. घाई काय हाय?" म्हणे. "तुमच्या वाटची भाकर वाचून राह्यली. अन् आत कसं शांत वाटते, कोणी डावीकडं-उजवीकडं करत नाई."

हे झालं सोमवारी. आज शनिवार हाय. मधात तीन चौथरे येऊन गेले, आमी आठव्या मजल्यावर हाओत. काल तो डोह आला, माझा जीव खालीवर! ती काठाशी थांबली, पाण्यात पाह्यलं, अन् पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणे, "भिऊ नका. मी तुमच्यासारखी नाई." अन् मंग चौथरा आला तं तोबी मांगं टाकला!

अन् तुमी इचारता, गुरुजी वाळून काऊन गेले. सोमवारपासून पिशवीत हाओ बाप्पा, वाळीन नाई तं काय करीन! खेळ म्हणतात याले…