भिंतीवर तीनदा

नेपरव्हिल स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं. एक कॉलेजातली मुलगी आणि फोनमध्ये डोकं घातलेले एक काका.

"काका, सकाळी दहाला आईस हॉकी?"

"रशियात आत्ता संध्याकाळ आहे ना. ही पोल्यारची मॅच. एकेकाळी चॅम्पियन होते, यंदा सलग नऊ हरलेत."

"रशियन येतं तुम्हाला?"

"छे गं! आमच्या शेजारच्या गेनादीची ही टीम. त्याला इंग्लिश बेताचंच. आपापल्या घरी मॅच बघायचो. गोल झाला की तो भिंतीवर तीनदा ठोकायचा, मग मी तीनदा."

"आता नाही ठोकत?"

"ऑक्टोबरमध्ये गेला तो."

"ओह, सॉरी काका. आता कोण राहतं तिथे?"

"एक तरुण जोडपं. परवा पोल्यारने गोल केला आणि सवयीने मी ठोकलं. बिचारे लगेच दारात, सॉरी म्हणायला. त्यांना वाटलं, त्यांच्या टीव्हीचा मला त्रास होतोय."

"मग?"

"मग काय, तेव्हापासून तिकडून टाचणी पडल्याचाही आवाज नाही."

"काका, ट्रेन आली. चला."

"तू जा बाळा. मला कुठे जायचंय? इथे जरा आवाज असतो."