पाच मिलिमीटरचा फोम

—रडायचं तर नंतर रड ताई, आधी तो फोमचा तुकडा कुठंय ते सांग. कचऱ्यात टाकलास? तूच काढलास, मला माहितीय. भाऊजींच्या कामाच्या जॅकेटचा टॅगचा खिसा उसवून परत शिवलेला होता आणि तुझा टाका मी आंधळा झालो तरी ओळखेन. म्हणून तर इन्स्पेक्टरसाहेब यायच्या आत मी तो खिसा कापून काढला — रक्तानं भिजलेलं कापड, सुरी नुसती घसरत होती. जॅकेट अंगावरच होतं त्यांच्या. म्हणजे जे काही अंग उरलं होतं त्यावर.

आणि दोष कोणाचा? माझाच. गेल्या महिन्यात याच टेबलाशी बसून मी तुझ्यापुढं शहाणपणा पाजळला ना — कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस, जी कामगाराच्या खिशातला टॅग जवळ आला तरच थांबायला हवी, ती विनाकारण कशी थांबायची, पाळीत साठ-साठ वेळा, आणि मालक माझी सालटी कशी काढायचा. तीन आठवडे खपलो मी. टॅग वाचणारी दोन यंत्रं, रीडर, एकमेकांवर ओरडत होती, त्यांना पाळ्या लावून दिल्या — एक बोलताना दुसरा गप्प. पत्र्यांवर आपटून सिग्नल भलतीकडे जायचा, तर अँटेनांची ताकद उतरवली, तोंडं फिरवली. शिवाय टॅग अंगाला चिकटला की अंगच सिग्नल गिळून टाकतं — माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच की — म्हणून प्रत्येक टॅगमागं पाच मिलिमीटरचा फोम. एक्केचाळीस तुकडे, याच हातांनी चिकटवले. तेव्हापासून माणूस जवळ गेला तरच प्रेस थांबते, एरवी नाही. तू विचारलंस, फोम नसला तर? मी म्हटलं, तर प्रेसला तो माणूस दिसतच नाही. हसत म्हटलं गं, हसत.

किंकाळी नव्हती. लोकांना वाटतं माणूस ओरडतो — कुठला ओरडतो, छातीच उरली नाही तर ओरडणार कशानं? ओल्या फांद्या मोडाव्यात तसा आवाज झाला आणि प्रेस वर गेली, पुन्हा खाली आली. चार वेळा. पाचव्यांदा मी बंद केली. वाईट वाटलं? छे. दोन दात पाडले त्यांनी तुझे, लाथ घालून पोटातलं मूल पाडलं — मी सळई घेऊन निघालो होतो तेव्हा तूच पाय धरलेस माझे. मग सकाळी सव्वासातला ते फाटकातून आत गेले आणि मी म्हटलं, जाऊ दे, ताईनं—

अशी बघू नकोस.

बरं, हो. खिसा नंतर पाहिला, पण कळलं सकाळीच. फाटकावर प्रत्येकाचा टॅग माझ्या पडद्यावर उमटतो. चाळीस ओळी हिरव्या, त्यांची कोरी. फाटकावर त्यांना अडवायचं बटण अंगठ्याखाली होतं. मला वाटलं — ताईनं अखेर मनावर घेतलंय, आता आपण आड येऊ नये. अंगठा उचलला, चहा घेतला. आठ मिनिटं लागली त्यांना प्रेसपर्यंत पोचायला. आठ मिनिटांत पळत जाऊन हाक मारता आली असती मला, पण मी आधी चहा संपवला, मग चालत मागोमाग गेलो.

काय म्हणालीस? परत म्हण. मी थांबवेन म्हणून? — हो, सांगितलं होतं, टॅग उमटला नाही तर फाटकावरच अडवतात. तासभर उन्हात उभं करतात, मुकादम सगळ्यांदेखत झापतो, हेही मीच सांगितलं होतं. आणि तुला — तेवढंच? एक दिवस चारचौघांत त्यांची मान खाली गेलेली हवी होती, बस्स? एवढ्यासाठी खिसा उसवलास? मी तिथं बसलेला असतो म्हणून?

...

खाली इन्स्पेक्टरसाहेबांची गाडी लागलीय. तू उठू नकोस. फोमचं नाव काढायचं नाही कोणापाशी, समजलं? तू काही केलेलं नाहीस. खरंच केलेलं नाहीस, ताई. हात सोड माझा. सोड म्हणतो ना. दार मला उघडू दे.