लाल कोणती, हिरवी कोणती

मपलं माहेर लोह्याकडचं. बापाची कोरडवाहू जमीन, आम्ही तिघी बहिनी अन् एक भाऊ, अन् कापूस येचायला, सोयाबीन काढायला समदे हात लागायचे म्हनून सातवीलाच शाळा सुटली मपली. तव्हा लई रडले होते मी. आता न्हाई वाईट वाटत, कारन जे शिकायचं होतं ते मला लातुरात गाडीच्या बॉनेटखाली मिळालं. नाव मपलं सुमन. आमचे मालक बालाजी. लातूरला नांदेड रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. इंजनाचं काम न्हाई बरं का, निस्तं करंटाचं, लाईट, हॉर्न, सेल्फ, बॅटरी असलं. बघायला आले तव्हा सांगितलं लाईटीचं काम करतो, तर मपल्या बापाला वाटलं पोरगा लाईनमन हाय, सरकारी, अन् दिली की पोरगी! लगीन झाल्यावर खुलासा झाला. पन बाप म्हनला जाऊ दे, मानूस निर्व्यसनी हाय.

तर ताई, काय सांगू तुम्हाला, लग्नाला तीन महिने झाले असतील, मी यांना म्हनलं बाजारातून हिरवी मिरची आना. यांनी आनली, निम्मी लाल निम्मी हिरवी, पिकून मऊ पडलेली बी त्यातच. मी म्हनलं असलं काय आनलं, तर हे पिशवी ठेवून दुकानाला निघून गेले. दुसऱ्या येळेला तमाटे आनले, समदे हिरवे. मग मी धरूनच बसले, की मला खरं सांगा. तव्हा मान खाली घालून म्हनले, सुमन, मला लाल अन् हिरवं येगळं दिसतच न्हाई, दोन्ही मातीवानी दिसतेत. मी म्हनलं अवं मंग तुम्ही वायरी कशा जोडता? वायरीचं समदं कामच रंगावर असतं ना ताई. तर म्हनले हातानं. एकेक वायर या टोकापसून त्या टोकापर्यंत बोटानं चाचपत जायचे, टेस्टरचा दिवा लावून बघायचे, अन् सापडली की तिला दोऱ्याची गाठ मारून ठेवायचे. नांदेडला उस्तादाच्या हाताखाली शिकले तव्हा बी कुनाला सांगितलं न्हाई. उस्ताद म्हनायचा बालाजी, तू लई सावकाश काम करतोस, पन तुझं काम परत येत न्हाई.

दुसऱ्या दिवसापसून मी दुकानात जायला लागले. लोकांना वाटायचं बायको जेवनाचा डबा घेऊन आली. मी डबा ठेवायची अन् तिथंच बसायची, अन् हे गाडीखालून हळूच इचारायचे, ही कोनती? मी म्हनायची, लाल. ही? हिरवी, वर पांढरी रेघ. असं दिवसभर. पोरगी झाली तर तिला बी तिथंच झोळी बांधली. अन् रंग सांगता सांगता कोनती वायर कुठं जाती, कामून जाती, हे समदं मपल्या डोक्यात बसत गेलं. पुढं नव्या गाड्या आल्या, मशीन लावून फॉल्ट बघायचं आलं, तर त्या मशीनवरची इंग्रजी अक्षरं मी मोबाईलवर बघून बघून शिकले. सातवीतली पोरगी मी! वीस वर्षं झाली याला. गिऱ्हाईकाला मात्र आम्ही कव्हाच काही सांगितलं न्हाई. वायरिंगवाल्याला रंग दिसत न्हाईत म्हनलं तर कोन गाडी देईल हो?

आता गेल्या उन्हाळ्याचं सांगते. आमचे एक जुने गिऱ्हाईक हायेत, मन्मथअप्पा, डाळीचा मोठा व्यापार हाय त्यांचा, मानूस शब्दाचा पक्का. त्यांची गाडी याड्यावानी करायला लागली. बंद गाडीचे वायपर फिरायचे, इंडिकेटर आपोआप लागायचे, उभ्या उभ्या हॉर्न वाजायचा, एकदा तर मठाच्या दारात कीर्तन चालू असताना वाजला म्हनं, अन् अप्पा लाजून चूर. नव्या गाडीत ताई एक डबा असतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हनतेत, ड्रायव्हरच्या पायाच्या वर, आतल्या अंगाला. लाईट, वायपर, दरवाजाचं लॉक, हॉर्न, समद्यांना हुकूम तोच देतो. तो बिघडला की घरातला कारभारीच बिघडल्यावानी, ज्याला जे वाटंल ते तो करतो.

तव्हा मी नेमकी लोह्याला, भावाच्या पोरीचं लगीन होतं. यांनी फोनवर सांगितलं, डबा गेलाय, नवा मागवलाय. मी म्हनलं मी येईपर्यंत थांबा. तर म्हनले अगं यात रंगाचं कामच न्हाई, बॅटरी काढायची, जुन्या डब्याचे प्लग काढायचे अन् नव्याला लावायचे, ते दुसरीकडं बसतच न्हाईत. बोलनं खरं होतं त्यांचं. नवा डबा बसवला, मशीन लावून त्याला गाडीची अन् चावीची वळख करून दिली, समदं बराबर चालू झालं. फोनवर यांचा आवाज असा, जनू पोरगं पास झालं. मला बी बरं वाटलं, खोटं कामून बोलू. एकट्यानं केलं मानसानं.

पंधरा दिवस गाडी चांगली चालली. मग एक दिवस दुपारच्याला फोन आला, अप्पाच्या सुनेचा. निस्ती रडून राहिली. दीड वर्षाचं लेकरू मागच्या सीटवर बसवून गेट उघडायला उतरली, चावी गाडीतच, अन् गाडीनं चारी दरवाजे आपोआप लॉक करून घेतले. काचा वर. अन् ऊन कसलं, तर आपल्याकडचं मे महिन्याचं! घर आमच्या दुकानापसून जवळच, पन यांच्या मागं स्कुटीवर बसून तेवढं अंतर जाताना मला काय झालं ते मलाच म्हाईत. लेकराचं तोंड लालबुंद झालेलं, रडून रडून आवाज बसलेला, अन् ती माय काचेवर हात आपटून राहिली. यांनी हाताला दस्ती गुंडाळली, पाना घेतला, अन् लेकरापसून लांबच्या, समोरच्या दरवाजाची काच फोडून आत हात घातला. लेकरू बाहेर आलं, पानी पाजलं, ओल्या पंच्यानं पुसलं, डॉक्टरला दाखवलं. देवाच्या दयेनं काही झालं न्हाई.

त्याच दुपारी गाडी दुकानात आनली. अप्पा बी आले, खुर्ची दिली तर बसले न्हाईत. मी डब्याचा प्लग काढला अन् बघते तर काय, पिना हिरव्यागार! तांब्यावर चढतो ना तसला हिरवा गंज, नुसता माखलेला. खालचा गालिचा उचलला तर ओला. आता पाऊस न्हाई पान्याचा थेंब न्हाई, मंग हे पानी आलं कुठून? मी तांब्या घेतला अन् पुढच्या काचेच्या कडेनं पानी सोडलं, तर कोपऱ्यातून आत टिपटिप, सरळ डब्यावर. ती काच मागं कव्हातरी दगड लागून बदललेली, अन् बसवनाऱ्यानं कोपऱ्यात फट ठेवलेली. अन् अप्पाच्या घरी गाडी रोज सकाळी पाइपानं धुतात. अख्खं लातूर उन्हाळ्यात नळाची वाट बघतं, अन् यांच्या बोअरला पानी!

अप्पा म्हनले, हा गंज पंधरा दिवसांत चढला का? मी म्हनलं न्हाई, जुना हाय. अप्पा यांच्याकडं वळले, मंग बालाजी, डबा बदलला तव्हा तुला दिसला कसा न्हाई?

मपल्या तोंडात लबाडी तयार होती ताई. म्हननार होते, तव्हा एवढा नव्हता. पन हेच बोलले. अप्पा, मला हिरवं दिसत न्हाई, लाल बी न्हाई, लहानपनापसून. रंग ही सांगती. त्या दिवशी ही नव्हती, अन् मी हिला इचारलं न्हाई. चूक मपली.

वीस वर्षांची झाकली मूठ उघडली. मला वाटलं झालं, दुकान गेलं. अप्पांनी वाकून तो ओला गालिचा हातानं दाबून बघितला. मग म्हनले, सांगायचं होतं बालाजी, लेकरू होतं आत. एवढंच बोलले अन् उन्हात पायीच निघून गेले.

तीन दिवस यांनी गाडीला हात लावला न्हाई. मी म्हनलं गाडी तर त्यांनी नेली न्हाई ना, ठेवूनच गेले, मंग काम तर पुरं करू. पुढची काच काढून नीट बसवून घेतली, दरवाजाची फुटलेली नवी टाकली. गंजलेल्या साऱ्या वायरी कापल्या, एकेक नवी जोडली, मी रंग बोलायची अन् हे जोडायचे, पहिल्या दिवसांवानी. डबा परत नवा घातला, आमच्याकडून. मग चार दिवस गाडी पाइपानं धुतली, शेजाऱ्याच्या हातापाया पडून पानी घेतलं त्यासाठी, अन् दर वेळेला गालिचा उचलून हात लावून बघितला. कोरडा ठक्क. तव्हा निरोप धाडला.

अप्पा आले न्हाईत. सून आली, कडेवर लेकरू. गाडीकडं बघून दारातच थांबली. म्हनली, मावशी, मी याला घेऊन बसू का यात? आता तोंडानं काय सांगावं? मी म्हनलं बाई, तू चालव, मागं मी बसते त्याच्याजवळ. अन् बसले. तिनं गाडी रिंग रोडला घेतली, घडी घडी आरशात मागं बघायची. मी दरवाजाचं लॉक लावायची, काढायची, तिला ऐकू जाईल असं. तासभर फिरलो. लेकरू मपल्या मांडीवर झोपून गेलं. तव्हा तिनं रेडिओ लावला, अन् मला कळलं आता हिची भीती गेली.

आठ दिवसांनी अप्पा स्वतः आले, त्यांच्या भावाची गाडी घेऊन. खुर्चीवर बसले, चहा मागितला. झालेल्या गोष्टीचा शब्द न्हाई. जाताना मला म्हनले, सुमनबाई, गाडी तुमच्याकडं देऊन चाललो. यांना न्हाई, मला म्हनले. हे बाजूला उभे होते अन् हसून राहिले होते, वीस वर्षांत असं मोकळं हसताना मी बघितलं न्हवतं.

आता हे येईल त्या गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाकतेत. दोन-चार जन गेले दुसरीकडं, जाऊ द्या, त्यांची बी चूक न्हाई. बाकीचे येतेत. पोरगी नांदेडला नर्सिंग शिकून राहिली, पुढल्या साली हातात नोकरी येईल तिच्या. मपले गुडघे धरतेत आता, गाडीखाली वाकनं पहिल्यावानी होत न्हाई, त्याला इलाज न्हाई. पन सकाळी शटर वर करताना छातीवर काही ओझं नसतं बघा. मानसाला अजून काय लागतं? चहा गार झाला तुमचा, दुसरा सांगते. तुमचं बी चांगलं होवो ताई, लेकराबाळांत सुखी राहा.