प्रयोंगच्या शीतपेटीची वीज

जबाब देणार: लमाई थोंगसुक, वय ६१ वर्षे, धंदा नारळाची मिठाई करून विकणे, राहणार विहाराच्या कुंपणालगत, फोथाराम, जिल्हा राचबुरी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, मुलगी व जावई वीरयुत असे राहतो. मिठाई बाजारात पोचवण्यासाठी आम्ही विजेवरची गाडी घेतली. घरच्या मीटरवर ती भरणे परवडेना. गाडीसाठी वेगळे मीटर घेतले तर रात्री दहानंतर वीज बरीच स्वस्त पडते, म्हणून मी जावयास अर्ज करायला सांगितले. खांबावरून नवी तार, अर्थिंगची सळई, मग वीज कचेरीच्या माणसाची तपासणी, असे ते काम असते. आठ दिवसांत जावई म्हणाला, "आई, साहेब बघून गेले. लावा आता बिनधास्त." भिंतीवर मीटर होते. साहेब मी पाहिले नाहीत.

गेल्या मंगळवारी समोरची प्रयोंग वारली. आमची चाळीस वर्षांची मैत्री. दहन रविवारी असल्याने तिला विहाराच्या मंडपात शीतपेटीत ठेवले. देह टिकवायचे औषध अंगात टोचू नका, असे तिने मुलाला, अनुचाला, बजावून ठेवले होते. लोकांसाठी भाताची पेज मीच करत होते.

बुधवारी रात्री दहाला मी नेहमीप्रमाणे गाडी चार्जिंगला लावली. सकाळी ती अर्धीच भरलेली. जावई म्हणाला, "व्होल्टेज कमी असेल, आई." त्या रात्रीही लावली. शुक्रवारी पहाटे पेज घेऊन मंडपात गेले तर वास आला. आधी वाटले, पेजच नासली. पातेल्याचे झाकण काढून पाहिले. पेज चांगली होती.

शीतपेटी बंद होती. तिच्या लाइनचे बटण पडले होते. भिक्षूंनी वायर धरून माग काढला, ती कुंपणाखालून थेट आमच्या चार्जिंगच्या पेटीत. भिंतीवरचे मीटर भंगारातले, कशालाच न जोडलेले. अर्ज केलाच नव्हता. गाडी आणि शीतपेटी एकदम लागल्यावर बटण पडणारच. गाडी अर्धीच भरलेली बघितली तेव्हाच जावयाला हे कळले होते, असे तो स्वतः म्हणाला. कुंपण ओलांडून वीस पावले गेला नाही. का, विचारले तर म्हणतो, "मेलेल्या माणसाला गरम काय नि गार काय? रविवारी जाळायचीच आहे ना!"

मी त्याला चप्पल फेकून मारली. ती लागली.

आमच्याकडे पायाला चिकटून गेलेली विहाराची वाळूसुद्धा नववर्षाला परत नेऊन टाकतात. आणि हा मेलेल्या बाईचा गारवा चोरून गाडी पळवतो. त्याने वाढलेले अन्न मला जात नाही. हे लिहून घ्यावे.

अनुचाने मला मंडपाच्या पायरीवर अडवले. "मावशी, रविवारी येऊ नका. चितेवरचं फूल दुसरं कुणी वाहील." तो ओरडला नाही.

हवालदार म्हणाले, "अहो मावशी, जावई आहे, घरातच मिटवा." जावई आहे म्हणूनच त्याचे नाव नीट लिहावे. मला यातले काही ठाऊक नव्हते, असा कागद अनुचाला दाखवायचा होता, म्हणून मी येथे आले.

आपणास काही संशय आला होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, त्या मीटरचा आकडा महिनाभर हललेला नव्हता. मिठाई गाडीत भरताना मी तो रोज बघत होते. बिलही आले नाही. बरे झाले, असे मनात म्हटले आणि कोणाला विचारले नाही. हे वगळू का, असे हवालदारांनी विचारले. वगळू नये.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, खरा आहे. नक्कल मिळावी. ती मी स्वतः अनुचाच्या हातात देईन. रविवारी मी यायचे की नाही, ते त्याने वाचून ठरवावे.