इस्त्रीचा कोट

कंपालातल्या तुरुंगाच्या फाटकाशी, भेटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. डबा घेतलेली तरुणी तणतणत होती. दुसरी वयस्कर, हातावर इस्त्रीचा काळा कोट.

“ह्यांना पकडलं सरकारनं, वकील दिला तोही सरकारनंच! तो कशाला भांडतोय?”

“काय केलं गं नवऱ्यानं?”

“विरोधकांच्या सभेला मोटरसायकलवरून भोंगा नेला, बस्स. आणि तो बालुकू वकील आठवडाभर फिरकलासुद्धा नाही.”

“फिरकेल कसा? तो आतच आहे.”

“अगंबाई! का?”

“माझ्या लेकाचा खटला होता. ह्या पोराच्या पाठीवरचे वळ आधी बघा, म्हणत वकील कोर्टात उभा राहिला. न्यायाधीश ओरडले, खाली बसा. हा बसेचना. कोर्टाचा अपमान केला म्हणून टाकला आत.”

“आणि लेक?”

“वळ बघावेच लागले त्यांना. सुटला! घरी वकिलासाठी कच्च्या केळ्यांचं मटोके शिजवतोय. आज त्याचीही सुटका ना!”

“मग आधी जेवायलाच येईल.”

“छे! निरोप आलाय, जेवण नंतर, आधी कोट आणा. दुपारी कुणा भोंगेवाल्याची तारीख आहे म्हणे.”

“मावशी...”

“काय गं?”

“द्या तो कोट इकडे. तुमच्या हातात चुरगळतोय.”